सहीखालचा नंबर

सांगली,
२२ जून २०२५

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. फौजीला पत्र लिहिताना आधी घरची खुशाली लिहायची, म्हणजे तो पुढचं शांतपणे वाचतो, असं आबांचं म्हणणं. तर खुशाली अशी. आई बरी आहे, गुडघे सोडून. आबा बरे आहेत, स्वभाव सोडून. राजेश्वरी वहिनी मजेत. तुझी बारकी पहिलीत गेली. शाळेत बाईंनी विचारलं, वडील काय करतात, तर म्हणाली, सुट्टीवर येतात. बाई हसल्या. वहिनी काही हसली नाही.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. नोव्हेंबरपर्यंत वरच्या पोस्टवर आहेस, फोन लागणार नाही, हे वाचून आईनं देवापुढं सुपारी ठेवली. मी मात्र ते पत्र तीनदा वाचलं ते दुसऱ्याच कारणासाठी. पंधरा जुलैच्या आत तुला लिहून द्यायचंय. विलिंग दिलंस तर अजून दोन वर्षं नोकरी, अनविलिंग दिलंस तर जानेवारीत पेन्शन घेऊन घरी. आणि खाली लिहिलंयस, "तुझं नोकरीचं पक्कं असेल तरच अनविलिंग देतो. खरं सांग." त्याखाली सही, सहीखाली फौजेचा नंबर. बहिणीला लिहितानासुद्धा नंबर घालतोस तू. आबांचंही तेच, फौज सोडून वर्षं झाली, पण दूधवाल्याच्या वहीत सही केली तरी नंबर. नंबराशिवाय सही म्हणजे कुणीही केलेली, असं ते मलाच ऐकवतात.

तर दादा, खरं सांगते. कंपनीचं पत्र आलं. एक जुलैला पुण्यात हजर व्हायचं. आधी जी नोकरी ठरली होती तीच, तेच ऑफिस. कॅन्टीन आहे म्हणे, बसही येते न्यायला. कॉलेजातल्या दोघी आधीच तिथं आहेत, त्यांच्याच खोलीत मी तिसरी. गादीसुद्धा सांगून ठेवली.

तोवर सांगलीत मावशीकडं राहून चांदसाहेब चाचांच्या अडतीवर बसते. आपली हळद ज्यांच्याकडं जाते तेच. सौदे निघाले की शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या कॉम्प्युटरवर काढून द्यायच्या. संध्याकाळी हात पिवळे, नाकात हळद, शिंकलं तरी पिवळं. चाचा म्हणतात, इंजिनिअर बाई ठेवलेली बाजारातली पहिली अडत आपली.

एक गंमत सांगते. मागच्या वर्षी निवड झाली तेव्हा सोसायटीनं स्टँडवर माझा फ्लेक्स लावला होता ना, मी फेटा बांधलेला? तो वाऱ्यानं फाटला. आईनं आणून गोठ्यावर टाकला. तोंड आतल्या बाजूला आलंय. धार काढताना म्हैस माझ्याकडं बघते.

एक कर. आबांना पत्र लिहिशील त्यात माझ्या नोकरीचं काही लिहू नकोस. मला त्यांना समोर बसवून सांगायचंय.

नोकरीला पंधरा वर्षं झाली तेव्हाच तू येणार होतास. माझ्या इंजिनिअरिंगसाठी थांबलास. हे घरात कुणी बोलत नाही, पण मला माहीत आहे. आता बास झालं. तू सही कर, बिनघोर कर.

तुझी,
क्रांती


कडेगाव,
३१ ऑगस्ट २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. आज घरी गौरी आल्या. बारकी हळदीकुंकवाच्या पावलांवरून उड्या मारत घरभर फिरली आणि सगळी पावलं पुसली. आईनं शेपूची भाजी केली, भाकरी केली. आबांनी मखराला माळ लावली आणि ती पेटेना म्हणून माळ विकणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या. ऊस बरा आहे. पाऊस जेवढ्यास तेवढा. गणपतीत ताबुतांचाच विषय, मोहरमला यंदा उंच ताबुतांच्या गळाभेटी लय चांगल्या झाल्या म्हणून. चांदसाहेब चाचा सांगलीहून खास आले होते बघायला.

मी पान भरतेय हे तुझ्या ध्यानात आलं असेल. लहानपणी माझ्या हातून काही फुटलं की मी अशीच तुझ्या मागं मागं फिरून भलतंच बोलत राहायचे. तू म्हणायचास, काय फोडलंस ते सांग.

जूनमध्ये पत्र आलं नव्हतं, दादा.

आला होता तो दोन ओळींचा ईमेल. जॉइनिंग पुढं ढकललं आहे, नवी तारीख कळवू. वर्षात चौथ्यांदा. पुण्यातली खोली, गादी, कॅन्टीन, बस, सगळं मी अडतीवर बसून रचलं. तू खरं सांग म्हणालास म्हणूनच खोटं लिहिलं. खरं लिहिलं असतं तर तू विलिंग देऊन मोकळा झाला असतास आणि वर मलाच धीर दिला असतास. मला वाटलं, जानेवारीपर्यंत कंपनी बोलावेलच. मग खोटं आपोआप खरं होईल, कुणाला कळायचंही नाही.

आणि बोलावलंही. चार ऑगस्टला पत्र आलं. मी अडतीच्या ओट्यावर उभी राहून वाचलं. पंधरा सप्टेंबरला हजर व्हा, पण पुण्यात नव्हे, नोएडाला. ठरलेलं काम नव्हे, तक्रारी सोडवायचं. दोन वर्षं सोडून जायचं नाही असं लिहून द्यायचं. आणि दहावीपासून डिग्रीपर्यंतची मूळ सर्टिफिकेटं तोवर कंपनीच्या कपाटात. पगार मागच्या वर्षी ठरला तोच. चौदा महिने मी थांबले त्याबद्दल एक शब्द नाही. चार दिवसांत होकार कळवा, एवढंच.

मी रडायला लागले तर चाचांनी पाणी दिलं आणि गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. पत्र वाचून म्हणाले, होकार देऊ नको, नकारही देऊ नको, बोल त्यांच्याशी. त्यांनी मला सौदा शिकवला बघ. पूर्वी बाजारात रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरायचा. आता उघड लिलाव असतो, पण चाचांच्या डोक्यात अजून तो रुमाल आहे. त्यांनी सांगितलं, तीन गोष्टी माग, एक सोडायची तयारी ठेव. मागून झालं की गप्प बस, जो आधी बोलेल त्याला घाई आहे असं समज. आणि शेवटी म्हणाले, "रुमालाखाली दोनच हात असायचे पोरी. तिसरा हात आत गेला की सौदा गेला."

मी ईमेल लिहिला. इतका सभ्य की वाचून माझाच विश्वास बसेना. पहिलं, ठरल्याप्रमाणे पुणे द्या. दुसरं, मी एक वर्ष थांबले ते दोन वर्षांत धरा, म्हणजे एकच वर्षाचं बंधन. तिसरं, सर्टिफिकेटं बघा आणि परत द्या. मग गप्प बसले. पाच दिवस फोन हातातून सोडला नाही. सौद्याच्या पट्ट्या चुकल्या, त्या चाचांनी दुरुस्त केल्या.

सहाव्या दिवशी एचआरच्या मॅडमचा फोन. मऊ बोलतात, नावानं हाक मारतात. म्हणाल्या, तुझं म्हणणं चुकीचं नाही. पुण्यात एक जागा होते आहे. एक वर्षाचंही बोलते वरती. सर्टिफिकेटांचं कठीण आहे, पण बघू. शुक्रवारी लेखी पाठवते. त्या दिवशी मी मावशीला आणि चाचांच्या हमालांना पेढे दिले. कशाचे ते सांगितलं नाही.

आबांना मी एवढंच सांगितलं होतं की बोलणी चालू आहेत, तुम्ही मध्ये पडू नका. ते हूं म्हणाले. त्यांना बोलणी म्हणजे लग्नाची माहीत.

आणि त्याच आठवड्यात तुझं पत्र आबांना आलं. नको म्हटलं होतं तरी लिहिलंस. तुझा तरी काय दोष, आनंद झाला की माणूस लिहितोच. "क्रांती पुण्यात लागली, आता काळजी नाही, मी अनविलिंग दिलं, जानेवारीत येतो." आबांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. आईला काही नाही, वहिनीला नाही, मला फोन नाही. गुरुवारी सकाळी ब्लेझर घातला, रेजिमेंटचा टाय लावला, कराडहून पुण्याची गाडी धरली. बरोबर गुळाची एक ढेप, पांढऱ्या कापडात बांधलेली.

कंपनीच्या दारावरचा वॉचमन माजी फौजी निघाला. त्यानं टाय ओळखला, सलाम ठोकला आणि पास-बिस न बघता आबांना थेट वर नेलं. नाहीतर ते गेटवरूनच परत आले असते. मी त्या वॉचमनला अजून शिव्या देते. वर आबांनी मॅडमपुढं ढेप ठेवली आणि घरून लिहून नेलेला कागद दिला. शुक्रवारी मॅडमनी मला लेखी पाठवलं ते त्या कागदाचाच फोटो. "विषय: हजर होण्याबाबत. माझी मुलगी कु. क्रांती ही कंपनी सांगेल त्या ठिकाणी, सांगेल त्या अटीवर, सांगेल त्या तारखेला हजर होईल. तिची कोणतीही तक्रार नाही." खाली सही. सहीखाली नंबर, हवालदार, निवृत्त. मॅडमनी वर लिहिलं होतं, तुझ्या वडिलांना भेटून फार छान वाटलं, तुझा होकार मिळाला असं धरतो. गुळाबद्दल आभार.

मी तशीच एसटीत बसले आणि कडेगावला आले. आबा ओसरीवर चहा पीत होते. खूश होते. लय चांगली बाई हाय म्हणाले, मला कॉफी दिली, जाताना उठून उभी राहिली. मी फोटो पुढं धरला आणि ओरडले. वडिलांशी बोलू नये ते सगळं बोलले. मी काय बाजाराला काढलेली म्हैस आहे का, इथपर्यंत. आई आतून आली आणि भिंतीला धरून उभी राहिली.

आबांनी कप खाली ठेवला. खिशातून तुझं पत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"तू एक खोटं लिहिलंस, त्याच्यावर त्यानं सही केली," म्हणाले. "आता ते खरं करायचं म्हटल्यावर भाव कुठं करत बसतीस?"

मला सांगायचं होतं की आबा दोनच दिवस थांबले असते तर पुणेही मिळालं असतं आणि तूही आला असतास. पण आबांच्या आयुष्यात बोलावणं आलं की पेटी उचलायची असते. पोस्टिंग विचारायची नसते. त्यांना खरंच वाटलं की मी हुज्जत घालून नोकरी घालवतेय आणि तू तिथं सही करून बसलायस. ते घाबरले होते, दादा. मी त्यांना कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं, म्हणून मला ते ओळखू आलं नाही.

परवा त्यांनी माळ्यावरून स्वतःची काळी पत्र्याची पेटी काढली. वरचं त्यांचं नाव नि नंबर काळ्या रंगानं पुसला. मग पांढऱ्या रंगानं माझं नाव घातलं, अक्षर न् अक्षर सारखं. नावाखाली बोटभर जागा सोडली. म्हणाले, नंबर मिळाला की कळव. पेटी दोन दिवस ओसरीवर वाळत होती आणि मी येता जाता तिला वळसा घालत होते.

नोएडाला जायचं बारा तारखेचं तिकीट आहे. आबांनी चौकशी केलीय, तुला अनविलिंग मागं घ्यायचं असेल तर ऑक्टोबरअखेर मुदत आहे म्हणे. ते तुला लिहावं की नाही यावर मी रात्रभर कूस बदलली. लिहिलं. मागं घे किंवा तसंच ठेव, मी काहीच सांगणार नाही. मागं एकदा मी सांगितलं आणि तू ऐकलंस.

तुझी खोटारडी बहीण,
क्रांती


नोएडा,
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. इकडची खुशाली म्हणजे मीच, आणि मी आहे बरी. खोलीत चौघी, खिडकी एक, खिडकीसमोर भिंत. पोळ्या मिळतात, भाकरी नाही. ऑफिसात आत जायला कार्ड लागतं हे समजू शकते, इथं बाहेर पडायलाही लागतं. पहिल्या दिवशी कार्ड टेबलावर विसरले आणि पाण्याच्या मशीनपाशी अडकून पडले. शेवटी एकानं आतून दार उघडलं.

कराड जवळ असून आबांनी मला साताऱ्याहून गाडीत बसवलं. त्यांची पहिली गाडी तिथूनच सुटली होती, तुझीही. पेटी स्वतः सीटखाली सरकवली आणि दोनदा ओढून बघितली. त्यांचा निरोप घेणं तुला माहीत आहे, आपणच दमल्यासारखं वाटतं. गाडी हलली तशी खिडकीपाशी चालत आले आणि म्हणाले, "नंबर कळव." मी मान हलवली. वाठारपर्यंत मला काही दिसत नव्हतं.

आता जे घरी कुणाला सांगितलं नाही ते. निघायच्या आदल्या दिवशी मी मॅडमना फोन केला होता. म्हटलं, तो कागद माझ्या वडिलांचा आहे, सही त्यांची आहे, नोकरी मी करणार आहे. ते फौजी आहेत, त्यांनी जन्मात एकदाही अट घातलेली नाही. मी घातली होती आणि तुम्ही ऐकली होती. मॅडम बराच वेळ गप्प होत्या. मीही गप्प राहिले. चाचांचं शिकवणं तेवढंच उरलं होतं. मग त्या म्हणाल्या, पुण्याची जागा दुसऱ्याला गेली. तिन्ही आता होणार नाहीत. एक सांग, एकच, मी करून देते.

काय मागितलं असतंस रे तू? सर्टिफिकेटं मागावीशी वाटत होती. पण मी वर्ष मागितलं. दोन नव्हे, एक. लेखी आलं, मगच मी गाडीत बसले.

सर्टिफिकेटं इथं आल्यावर दिली. दहावीचं, ज्यावर तू आणलेलं प्लास्टिकचं कव्हर होतं. त्या मुलीनं कव्हर काढून टाकलं, सगळी एकत्र स्टेपल केली, खोक्यात ठेवली आणि पुढच्याला बोलावलं. मी पावती मागितली. इथं पावती देत नाहीत.

तुझं उत्तर मी निघाल्यावर घरी पोचलं. वहिनीनं काल फोनवर वाचून दाखवलं. चारच ओळी. "क्रांतीला म्हणावं जाऊ नको. तिकीट रद्द कर. मी विलिंग लिहून देतो. खोटं बोलल्याबद्दल आलो की बघतो." वहिनीनं सरळ आवाजात वाचलं, सहीखालच्या नंबरासकट. मग पत्राची घडी घातल्याचा आवाज आला.

"वन्सं," म्हणाली, "सतरा वर्षं तुमी बहीणभाऊ, आबा, समदी एकमेकासाठी सह्या करतायसा. मला कवा कुणी इचारलंच न्हाई."

एवढंच. चिडून नाही, भांडून नाही. मागं बारकी कविता म्हणत होती. मला त्या भिंतीसमोरच्या खिडकीत उभं राहून लाज वाटली. मी तुझ्यासाठी खोटं लिहिलं, तू माझ्यासाठी थांबलास, आबांनी तुझ्यासाठी कागद लिहून दिला, आता तू परत माझ्यासाठी सही करायला निघालास. आणि जिचा नवरा आहेस ती चुलीपाशी बसून आपली पत्रं वाचून दाखवते.

म्हणून सांगते, मागं म्हटलं होतं सांगणार नाही, तरी सांगते. तिकीट रद्द करायची वेळ गेली, मी इथं आले. माझ्यासाठी आता कसलीही सही करू नकोस. तुला विचारायचंच असेल तर वहिनीला विचार, आणि ती म्हणेल ते कर. तिनं राहा म्हटलं तर राहा. पण मला ठाऊक आहे ती काय म्हणेल, तुलाही ठाऊक आहे.

पुढच्या वर्षी चौदा सप्टेंबरला माझं वर्ष भरतं. त्या दिवशी मी इथं अनविलिंग देणार आणि माझी सर्टिफिकेटं घेऊन निघणार. यांच्याकडं तसला फॉर्म नसेलच. कोऱ्या कागदावर लिहीन, विषय घालून, आबांसारखं. तोवर इथं दिवस मोजायचे. तू सतरा वर्षं कसे मोजलेस ते कधी विचारलं नाही मी. जानेवारीत घरी आलास की फोनवर सांग.

आबांनी पेटीत पांढऱ्या रंगाची डबी आणि ब्रश ठेवलाय. मला चार दिवसांतच कार्डावरचा नंबर मिळाला. ते दर रविवारी विचारतात आणि मी म्हणते, अजून नाही. हे शेवटचं खोटं, दादा, याला तू हसशील. पेटीवरची ती जागा मला मोकळीच ठेवायची आहे. रंग डबीत वाळला तर वाळू दे.

पण आपल्या घरात नंबराशिवाय सही खरी धरत नाहीत. जूनमधलं पत्र तू नंबराशिवाय खरं धरलंस. हे तरी खरं धर.

तुझी,
क्रांती जोतीराम यादव
४१७०८